मेटलचा कोणता अल्बम भारी? वऱ्हाडातल्या ऐकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटल म्हणजे हेवी मेटल, जड गिटार आणि दणदणीत ड्रमचं रॉक संगीत. हे प्रश्न पानठेल्यावर, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत आणि लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेले आहेत. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले पोट्टे, एखाददुसरा चाळिशीतला मास्तर. उत्तरं एकाच माणसाची आहेत. पटली नाहीत तर खुशाल भांडा, फक्त अल्बम पुरा ऐकून या.

भाऊ, हे सारं एकसारखंच आयकू येते. फरक करावा कसा?

शेजारशेजारचे दोन अल्बम घेतले की तसंच होणार. आधी दोन टोकं ऐका. एकीकडे ब्लॅक सबाथ या बँडचा १९७१ चा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’, दुसरीकडे स्लेयरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’. पहिल्यात गिटार जड, संथ, जमिनीला टेकलेली. दुसऱ्यात दहा गाणी जेमतेम २९ मिनिटांत संपतात आणि ड्रमवाला डेव्ह लोम्बार्डो श्वास घ्यायला थांबत नाही.

सबाथचा जडपणा कुठून आला ते माहीत असलं की कान लवकर तयार होतो. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा लावल्या. ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांना गिटार दीड स्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज खोल गेला. पुढच्या पन्नास वर्षांचं अर्धं मेटल त्या सैल तारांवर उभं आहे.

ही दोन टोकं कानात बसली की मधले अल्बम आपोआप आपापल्या जागी जातात.

तुलना गाण्याची कराची का पुऱ्या अल्बमची?

पुऱ्या अल्बमची. त्यातही दुसऱ्या अर्ध्याची.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर. ही सगळी मंडळी तबकडी आणि कॅसेटच्या काळातली. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची. दुकानात लोक पहिली बाजू लावून बघायचे, रेडिओवाले पहिलं-दुसरं गाणं वाजवायचे. त्यामुळे भारी माल पुढे आणि उरलेलं मागे ही पद्धतच पडली. पहिल्या बाजूवरून मत दिलं तर जवळजवळ प्रत्येक नावाजलेला अल्बम उत्तमच वाटतो. खरं काय ते बाजू उलटल्यावर कळतं.

म्हणून दोन अल्बम लावायचे तर दोन्ही मधून सुरू करा. आठ गाण्यांचा असेल तर पाचव्यापासून. सबाथचा १९७० चा ‘पॅरानॉइड’ असा ऐकून पाहा. ‘वॉर पिग्स’, ‘आयर्न मॅन’ आणि अल्बमच्या नावाचं गाणं, तिन्ही पहिल्या बाजूला गेली, तरी मागे ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’ आणि ‘हँड ऑफ डूम’ उरतात. जगभर गाजलेली तीन गाणी काढून घेतल्यावरही जो अल्बम उभा राहतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

‘रेन इन ब्लड’ला मात्र ही परीक्षा लागूच होत नाही. तो इतका छोटा की कॅसेटवर पुरा अल्बम एका बाजूला मावला आणि दुसऱ्या बाजूला तोच पुन्हा भरला.

मेटालिकाचा ‘राइड द लाइटनिंग’ भारी का ‘मास्टर ऑफ पपेट्स’?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तुलना शिकायला यापेक्षा चांगली जोडी नाही. कारण दोन्ही एकाच साच्यातले आहेत. पहिला १९८४ चा, दुसरा १९८६ चा. माणसं तीच चार, स्टुडिओ कोपनहेगनचाच, सोबत निर्माता फ्लेमिंग रासमुसेनच. दोन्हीकडे आठ गाणी.

आता ओळीनं लावा. पहिलं गाणं दोन्हीकडे मऊ गिटारनं सुरू होतं आणि एकदम सुसाट सुटतं. दुसरं, अल्बमच्या नावाचं. तिसरं संथ आणि जड. चौथं हळू चढत जाणारं, उदास. आणि शेवटाकडे एक बिनशब्दांचं लांब गाणं. एवढं सारखं असल्यावर गाण्यापुढे गाणं ठेवता येतं.

पहिल्या जागेवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’चं ‘बॅटरी’ जिंकतं. दुसऱ्यावर त्याचंच नावाचं गाणं, आठ मिनिटांच्या वर असूनही. तिसऱ्यावर ‘राइड’चं ‘फॉर हूम द बेल टोल्स’ सहज पुढे. क्लिफ बर्टनच्या बेसनं, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारनं, गाणं उघडतं आणि नवख्याला ती साधी गिटारच वाटते. चौथ्यावर माझं मत ‘राइड’च्याच ‘फेड टू ब्लॅक’ला. म्हणजे पहिल्या बाजूला दोन-दोन, बरोबरी.

मग बाजू उलटा. ‘राइड’मध्ये ‘ट्रॅप्ड अंडर आइस’ आणि ‘एस्केप’ ही दोन गाणी लागोपाठ येतात आणि तिथेच हवा जाते. ‘एस्केप’ तर बँडनंही वर्षानुवर्षं मंचावर वाजवलं नाही. ‘क्रीपिंग डेथ’ येऊन लाज राखतं. ‘मास्टर’मध्ये त्याच जागी ‘डिस्पोजेबल हीरोज’ आहे, आणि पुढे ‘ओरायन’, त्यात मधोमध सगळं थांबून बर्टनचा बेस एकटा चालू लागतो. ‘मास्टर’ जिंकतो, आणि दुसऱ्या बाजूवर जिंकतो.

बर्टन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला, २४ वर्षांचा असताना. हे माहीत असलं की ‘ओरायन’ वेगळं ऐकू येतं. पण गुण देताना ते बाजूला ठेवावं.

मंग काळा अल्बम? पोट्टे म्हंतात थो मेटलच नोहे.

काळा अल्बम म्हणजे मेटालिकाचा ‘मेटालिका’ याच नावाचा, काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम. पोट्ट्यांना म्हणावं आधी त्याच्या मागचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ ऐका. ६५ मिनिटं, गाण्यात दहा दहा वळणं, आणि बेस शोधूनही सापडत नाही. नवा बेसवाला जेसन न्यूस्टेड वाजवत होता, पण मिक्सिंगमध्ये तो जवळजवळ पुसला गेला. त्यानंतर १९९१ ला निर्माता बॉब रॉकनं काळा अल्बम केला: छोटी गाणी, सरळ ठोका, बेस जागेवर. अमेरिकेतच १ कोटी ६० लाखांहून जास्त प्रती खपल्या. मेटल आहेच. लांबट झालाय, बारा गाण्यांतली चार काढली असती तर बरं होतं. दुसऱ्या अर्ध्यात पहिल्याइतका दम नाही. माझा कौल ‘जस्टिस’ला, पण लग्नाच्या डीजेवर लावायचा असेल तर काळाच लावा.

आयर्न मेडनमधला कोणता?

खरी लढत १९८२ च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आणि १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’मध्ये आहे. ‘नंबर’ हा गायक ब्रूस डिकिन्सनचा बँडमधला पहिला अल्बम. त्याची दुसरी बाजू म्हणजे नावाचं गाणं, ‘रन टू द हिल्स’ आणि शेवटी ‘हॅलोड बी दाय नेम’. माझ्या नियमानं तो जिंकायला हवा. पण मधे ‘गँगलँड’ अडकलंय. त्याच वेळी ‘टोटल एक्लिप्स’ नावाचं गाणं तयार होतं, ते अल्बमबाहेर राहिलं. बँडवाल्यांनी स्वतः नंतर म्हटलं की निवड उलटी व्हायला हवी होती. पुढच्या काही आवृत्त्यांत ते गाणं आलं.

‘पॉवरस्लेव्ह’ पहिल्या बाजूच्या शेवटी ढिला पडतो, हे मान्य. पण शेवटचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ ऐका. तेरा मिनिटांच्या वर आहे. कोलरिजच्या १७९८ मधल्या कवितेची गोष्ट: खलाशी पक्षी मारतो, जहाजावर शाप येतो. मध्यावर वाद्यं थांबतात, लाकडाची करकर ऐकू येते, कवितेच्या ओळी कोणी नुसत्या बोलतं. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान ऐन संकटावर आणून टाळ थांबवतात आणि मंडपात चिडीचूप होते, तीच जागा. मग हळूहळू बेस उठतो आणि सगळे पुन्हा धावत सुटतात. मी ‘पॉवरस्लेव्ह’ घेतो. दोन्ही अल्बम मी कितीदा तरी लावून पाहिलेत आणि प्रत्येक वेळी या एका गाण्यानं पारडं फिरवलं.

इंग्रजी समजत नाई, अन् गाणारा नुसता गुरगुरते. मंग मत कसं द्यावं?

इंग्रजी येणाऱ्यालाही ती गुरगुर समजत नाही, तेव्हा न्यूनगंड नको. पहिल्या फेरीत गळा हेही एक वाद्य समजून ऐका: ठोक्याच्या पुढे आहे की मागे, गिटारशी भांडतोय की तिच्या खांद्यावर बसलाय. शब्द दुसऱ्या फेरीत, मोबाइलवर लिहिलेले समोर ठेवून.

सरावाला डेथ या फ्लोरिडाच्या बँडचे दोन अल्बम घ्या, १९९१ चा ‘ह्युमन’ आणि १९९५ चा ‘सिम्बॉलिक’. चक शुल्डिनर दोन्हीकडे गातो. ‘ह्युमन’मध्ये आवाज खोल आणि सगळं दाटीवाटीचं. ‘सिम्बॉलिक’मध्ये आवाज वर चढलेला, जवळजवळ किंकाळी, आणि गिटारची चाल गुणगुणता येईल अशी. मी नवख्याला ‘सिम्बॉलिक’च देतो. शेवटचं ‘पेरेनियल क्वेस्ट’ आठ मिनिटांच्या वर जातं, आणि ते अल्बमचा शेवट कसा करावा याचा नमुना आहे.

अर्थ कळला की कधी कधी गंमत होते. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे गाणं नशेच्या मुठीत गेलेल्या माणसाबद्दल आहे. तिथे मालक म्हणजे नशाच. आमच्यात एक जण प्लास्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत याच गाण्यावर मान हलवत होता. त्याला अर्थ सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, पुडी उघडली, चिमूट गालात ठेवली आणि म्हणाला, “बराबर लिहिलं हाये त्यानं.”

आमी संदल अन् ढोल आयकणारे. आमच्यासाठी कोणती जोडी?

ब्राझीलच्या सेपल्टुराचे ‘केऑस ए.डी.’ (१९९३) आणि ‘रूट्स’ (१९९६). गणपतीच्या मिरवणुकीत संदलमागं तासन्‌तास चालणाऱ्याला, किंवा आदिवासी पोडावर ढेमशा नाचाचा ढोल ऐकत वाढलेल्याला, हे परकं वाटत नाही असा माझा अनुभव आहे. ‘रूट्स’साठी हे लोक ब्राझीलच्या जंगलात शवांते आदिवासींकडे गेले आणि ‘इत्सारी’ हे गाणं त्यांच्यासोबत तिथेच ध्वनिमुद्रित केलं. कार्लिन्योस ब्राऊन या तालवादकालाही बोलावलं. ढोलाचं काम इतकं पुढे आहे की गिटार पाहुणी वाटते.

‘केऑस’ त्या मानानं आवरलेला. पहिल्या गाण्याच्या आधी जे ठोके ऐकू येतात ते गायक मॅक्स कॅव्हलेराच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे. म्हणजे बाळ अर्थातच त्याच्या बायकोच्या पोटातलं! ‘कायोवास’ हे बिनशब्दांचं गाणं वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींत वाजवलंय. नाव ब्राझीलच्याच एका आदिवासी जमातीचं.

ताल हवा तर ‘रूट्स’. अल्बम म्हणून ‘केऑस’, कारण ‘रूट्स’ ७० मिनिटांच्या वर पसरलाय आणि मागच्या अर्ध्यात तीच ती गोष्ट फिरून येते. नुसत्या ढोलाचीच हौस असेल तर दिल्लीच्या ब्लडीवूडचा २०२२ चा ‘रक्षक’ ऐका. मजा येते, पण या दोघांच्या रांगेत मी तो बसवणार नाही.

स्लेयर का मेगाडेथ?

ही जोडीच चुकीची. ‘रेन इन ब्लड’ पळतो, मेगाडेथचा १९९० चा ‘रस्ट इन पीस’ विणकाम करतो. स्लेयरला स्लेयरशीच लावा: १९८८ च्या ‘साउथ ऑफ हेवन’मध्ये त्यांनी मुद्दाम वेग कमी केला. मला तो कमी आवडतो, पण हिंमत मान्य. ‘रस्ट’ची दुसरी बाजू मात्र तपासाच. ‘टॉर्नेडो ऑफ सोल्स’मधला मार्टी फ्रीडमनचा गिटारचा तुकडा त्याच बाजूला आहे.

गायक बदलला तर थोच बँड मानाचा का?

तुलनेपुरता नाही. ओझी ऑस्बोर्नला १९७९ मध्ये सबाथनं काढलं, रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० ला ‘हेवन अँड हेल’ झाला. गिटार आयोमीचीच, पण चाल गायकाच्या गळ्याप्रमाणे बदलली. ओझी गिटारच्या मागोमाग गायचा, डिओ तिच्यावरून. त्यामुळे ‘पॅरानॉइड’समोर ‘हेवन’ ठेवू नये. २२ जुलै २०२५ ला ओझी गेला तेव्हा पानठेल्यावर हा वाद पुन्हा पेटला होता. गेलेल्या माणसाच्या प्रेमात कौल देऊ नका, एवढंच तेव्हा म्हटलं होतं.

मोबाइलवर आयकलं तर चालते का?

मोबाइलच्या स्पीकरवर बेस आणि ड्रमचा मोठा ठोका जवळजवळ येतच नाही. म्हणजे सबाथचा अर्धा जीव गेला, आणि जुडास प्रीस्टचा ‘पेनकिलर’ नुसता किंचाळतो. साधे तारेचे इअरफोन घ्या. प्रीस्टच्याच १९८० च्या ‘ब्रिटिश स्टील’मध्ये ‘मेटल गॉड्स’ या गाण्यात लोखंडी पावलांचा आवाज आहे, तो चमच्या-काट्यांचा ट्रे हलवून काढलेला. इअरफोनवर तो स्वच्छ कळतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. दोन अल्बमांचा आवाज सारखा करा. जो जरा मोठ्यानं वाजतो तोच चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. नवीन अल्बम मुळातच मोठ्यानं भरलेले असतात. मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबून भरला की आवाज फाटतो, आणि ऐकणाऱ्यांनी तेव्हा सह्यांची मोहीम काढली होती. जुना अल्बम लावला की दोन घरं आवाज वाढवा, मग बोला.

वेळेचं म्हणाल तर हरभऱ्याच्या ओलितासारखी वेळ नाही. शेतीची लाईन बरेचदा रात्रीची असते. स्प्रिंकलरची पाइपं एकदा मांडली की पुढची बदलवेपर्यंत तीन तास मोकळे. दोन अल्बम आरामात, आणि वाद घालायला वेळ उरतो. गाणी गावात नेटवर्क असतानाच उतरवून ठेवा. एक कान मात्र मोटरीकडे ठेवा. लाईन गेलेली कळलीच नाही असं इअरफोनमुळे होतं.

एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात. कोणती घ्यावी?

शक्य असेल तर पहिली. ‘रस्ट इन पीस’ २००४ मध्ये पुन्हा मिक्स झाला, आणि काही ठिकाणी मेगाडेथचा गायक डेव्ह मस्टेननं गळा नव्यानं गायला. चौदा वर्षांनी तोच गळा राहत नाही. तुलना करताना एकानं जुनी आणि दुसऱ्यानं नवी ऐकलेली असली की दोघंही खरं बोलतात आणि तरी भांडण मिटत नाही.

दहापैकी गुण द्यावे का?

नको. साडेसात आणि आठ यांत काय फरक आहे ते कोणालाच सांगता येत नाही. दोन समोरासमोर ठेवा, एक निवडा, कारण सांगा.

जागलीवर मोठ्यानं लावलं तर रानडुकरं पळतात का?

पहिल्या दिवशी पळतात. मग त्यांना सवय होते, मेटलची काय आणि फटाक्यांची काय. आमच्या शेजारच्या तुरीत तर ती ‘साउथ ऑफ हेवन’ चालू असताना निवांत चरत होती.

आपल्याकडचे अल्बम हायेत का तुलनेले?

आहेत. मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा ‘दशावतार’, एकेका अवतारावर एकेक गाणं. मत्स्य, कूर्म, वराह लहानपणापासून ऐकलेले, त्यामुळे गोष्ट आधीच माहीत असते आणि कान मोकळा राहतो. बंगळुरूच्या क्रिप्टोसचा २०१९ चा ‘आफ्टरबर्नर’ जुन्या वळणाचा, सरळ. माझी निवड क्रिप्टोस. ‘दशावतार’ची कल्पना मोठी आहे, पण जोडगिटारची चाल क्रिप्टोसची जास्त लक्षात राहते.

लाइव्ह न आयकता मत देता येते का?

अल्बमवर देता येतं. आयर्न मेडन २००७ ला आणि मेटालिका २०११ ला बंगळुरूला येऊन गेले, तिथे गेलेले लोक अजून त्याच धुंदीत आहेत आणि त्यांना ‘एस्केप’सुद्धा चांगलं वाटतं. मंचावर वाजलेलं गाणं ही वेगळी गोष्ट आहे. ‘मास्टर’ आणि ‘राइड’चा वाद ज्यांना सोडवायचा आहे त्यांनी या हंगामात पाचव्या गाण्यापासून सुरुवात करावी आणि पाइपं बदलवून झाली की सांगावं.